भाड्याचे घर विकत घेताना : किंमत ठरवावी कशी?

ज्या घरात बापजाद्यांची हयात गेली, जेथे माग चालला, विड्या वळल्या गेल्या, मुलाबाळांचे निकाह झाले, ते घर आपले नसते. ते भाड्याचे असते. सोलापूरच्या जुन्या पेठांतून, वाड्यांतून आणि चाळींतून अशी हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मग एके दिवशी मालकाचा निरोप येतो, ‘घर विकायचे आहे, घेता का?’ किंवा गृहनिर्माण मंडळाचे पत्र येते की गाळा मालकी हक्काने मिळेल, अमुक रक्कम अमुक मुदतीत भरा. अशा वेळी बाजारात थानामागे रुपया-दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे आमचे व्यापारी बंधू घराच्या मामल्यात मात्र एकदम गडबडून जातात. कुणी मागेल ती किंमत कबूल करतो. कुणी ‘घर तर आमच्याच ताब्यात आहे, पैसे कशाचे?’ असा हट्ट धरून बसतो. दोन्ही वाटांनी नुकसानच होते.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. सौद्याचा पहिला नियम आम्हाला ठाऊक आहे. माल कोणाचा, तो विकण्याचा अधिकार कोणाला, आणि त्याची खरी किंमत कशाने ठरते, हे कळल्याशिवाय भाव करू नये. घरालाही हाच नियम लागू आहे. तो क्रमाने पाहू.

घराचा मालक कोण?

भाड्याचे घर म्हटले की सगळी घरे एकाच तराजूत घालता येत नाहीत. किंमतीची बोलणी किती करता येतील आणि कोणाशी, हे मालकावर अवलंबून असते.

पहिला प्रकार गृहनिर्माण मंडळाच्या गाळ्यांचा. १९४८ च्या कायद्याने मुंबई राज्यात गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली आणि तिच्यातून कारखान्यांच्या गावी कामगारांना कमी भाड्याचे गाळे मिळू लागले. पुढे १९७६ च्या कायद्यान्वये १९७७ मध्ये म्हाडा अस्तित्वात आली आणि जुन्या मंडळाची मालमत्ता तिच्याकडे गेली. सोलापूर जिल्हा म्हाडाच्या पुणे मंडळाच्या कक्षेत येतो. असे भाड्याचे गाळे राहणाऱ्यांना मालकीने देण्याची पद्धत म्हाडात आहे. ती बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेमार्फत राबवली जाते. इमारतीचे विक्रीखत होते, पण जमीन भाडेपट्ट्याने मिळते.

दुसरा प्रकार महानगरपालिकेच्या घरांचा. सोलापूर महानगरपालिका १९६४ साली स्थापन झाली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे पालिकेला आपली स्थावर मिळकत सर्वसाधारणपणे चालू बाजारभावापेक्षा कमी किमतीला विकता येत नाही, आणि सभागृहाची मंजुरीही लागते. म्हणून एखादा नगरसेवक किंवा कारकून ‘आपण कमी करून देऊ’ म्हणाला तर त्या शब्दावर एक पैसाही देऊ नये. ती गोष्ट त्याच्या हातातलीच नसते.

तिसरा प्रकार गिरणीच्या चाळींचा. येथे प्रथम पाहावे की आपण भाडेकरू होतो की नोकरीमुळे राहायला मिळालेले कामगार. भाड्याची पावती मिळत होती का, की पगारातून रक्कम कापली जात होती, यावर हक्क बदलतो. गिरणी बंद पडली असेल तर मिळकत बँकेकडे, महामंडळाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या लिक्विडेटरकडे असते. जुन्या मॅनेजरने किंवा मुकादमाने दिलेल्या वचनाला तेथे किंमत नाही.

चौथा प्रकार वक्फच्या आणि धर्मादाय मिळकतींचा. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण मशीद, दर्गाह किंवा कब्रस्तानच्या वक्फ मिळकतीत भाड्याने राहतात, दुकाने चालवतात. त्यांनी स्पष्ट समजून घ्यावे की वक्फ मिळकत विकत घेता येत नाही. जी वस्तू अल्लाहच्या नावे कायमची राखून ठेवली तिची विक्री शरीअतला मंजूर नाही. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने विक्री, बक्षीस, अदलाबदल आणि गहाण यांवर बंदी घातली आहे, आणि असा व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो. मुतवल्लीने ‘इतके द्या, कागद करून देतो’ म्हटले तर पैसेही जातील आणि गुनाहही पदरी पडेल. येथे बोलणी होऊ शकते ती भाडेपट्ट्याची, म्हणजे मुदत किती, भाडे किती आणि दुरुस्ती कोणी करायची याची. तीही वक्फ मंडळाच्या नियमांत बसवून, लेखी. सार्वजनिक न्यासाच्या मिळकतीचे थोडे वेगळे आहे. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ती धर्मादाय आयुक्तांच्या आगाऊ मंजुरीने विकली जाऊ शकते. मंजुरीशिवाय मात्र विश्वस्तांची सही कामाची नाही.

पाचवा आणि सोलापुरात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे खाजगी मालकाचा वाडा किंवा चाळ. खरी घासाघीस होते ती येथे.

मंडळाच्या घराची किंमत : घासाघीस कोठे चालते?

मंडळाच्या टेबलावर जाऊन ‘चार लाख म्हणता, तीन घ्या’ असे म्हणता येत नाही. किंमत धोरणाने ठरते आणि एका वसाहतीत सर्वांना एकच नियम असतो. पण म्हणून मागणीपत्रातली शेवटची रक्कम डोळे मिटून भरावी असेही नाही. ती रक्कम अनेक तुकडे जोडून तयार होते आणि प्रत्येक तुकडा तपासता येतो.

गाळ्याची मूळ किंमत, जमिनीचा आकार, भाड्याची थकबाकी, पाणी-दिवा-सफाईचे सेवाशुल्क, त्यावरील व्याज किंवा दंड, आणि मूळ गाळेधारक दुसरा असेल तर नियमितीकरणाचे शुल्क, असा तपशील लेखी मागावा. क्षेत्रफळ कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे मोजावे. भरलेल्या भाड्याच्या पावत्या जुळवाव्यात. वीस वर्षांपूर्वी भरलेली रक्कम खात्यावर चढलेलीच नाही आणि तिच्यावर व्याज मात्र चढत राहिले, असे प्रकार जुन्या खात्यांत निघतात. कार्यालय तपशील देत नसेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. त्याला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की येथे एकट्याने लढू नये. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली संस्था सर्वांच्या वतीने बोलली तर सेवाशुल्काचा वाद, व्याजमाफी, हप्त्यांची मुदत हे विषय मंडळापुढे आणि मंत्रालयापुढे धोरण म्हणून मांडता येतात. एकटा माणूस तेच मागतो तेव्हा ती फक्त विनवणी असते.

आणि हेही विसरू नये की सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या घरांना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण नाही. म्हाडाच्या आणि पालिकेच्या कायद्यांत गाळा खाली करून घेण्याची झटपट तरतूद आहे. म्हणून मंडळाच्या पत्रातली मुदत उलटू देऊ नये. वाद असलेली रक्कमसुद्धा ‘हक्क राखून’ असे लेखी कळवून भरावी आणि मग भांडावे.

परदेशातले एक उदाहरण येथे उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहते घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. तीन वर्षे राहिलेल्याला ३३ टक्के सूट, पुढे दर वर्षाला १ टक्का वाढत ५० टक्क्यांपर्यंत. सूट कायद्यानेच ठरलेली असल्याने तिच्यावर वाद नव्हता. वाद होई तो मूल्यांकनावर, आणि पालिकेची किंमत मान्य नसेल तर भाडेकरूला सरकारी मूल्यमापकाकडे जाता येई. शिवाय भाडेकरूने स्वखर्चाने केलेल्या सुधारणा किमतीत धरायच्या नाहीत, असाही नियम होता. आपण घातलेल्या फरशीचे पैसे आपल्याकडूनच दुसऱ्यांदा का घ्यावेत, हा त्यामागचा इन्साफ. पुढे स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये ही योजना बंद केली, आणि इंग्लंडने २०२४ च्या नोव्हेंबरात सूट फार कमी केली. कारण विकलेल्या घरांच्या जागी गरिबांसाठी तितकी नवी घरे बांधली गेली नाहीत. आमच्याकडे अशी कायद्याची सूट नाही, पण दोन धडे घेण्यासारखे आहेत. मूल्यांकन तपासून घ्यावे आणि आपण केलेल्या खर्चाचा हिशोब जपून ठेवावा.

‘शंभर पट भाडे’ हा गैरसमज

पेठेत कुणीतरी सांगतो, ‘कायदा आहे, भाड्याच्या शंभर पट रक्कम भरा, घर तुमचे!’ ही गोष्ट अर्धीच खरी आहे. म्हाडा कायद्यात १९८६ साली प्रकरण आठ-अ घातले गेले. मुंबई शहरातील उपकरप्राप्त जुन्या इमारतींत ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकारने इमारत संपादन करून मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदल्यात ती संस्थेला द्यावी, अशी ती तरतूद आहे. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. हा खटला सुप्रीम कोर्टात तीन दशकांवर चालला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खाजगी मिळकत समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीत मोडत नाही. सोलापूरच्या भाडेकरूने यातून एवढेच घ्यावे की ही तरतूद मुंबई शहरापुरती आहे. आपल्याकडे खाजगी मालकाला विकण्याची सक्ती करता येत नाही. हक्के-शुफाही भागीदाराचा किंवा शेजाऱ्याचा मानला जातो, भाडेकरूचा नव्हे. म्हणजे सौदा रजामंदीनेच होणार. पण रजामंदी म्हणजे लाचारी नव्हे.

खाजगी मालकाशी : दोघांच्या हातात काय आहे?

३१ मार्च २००० पासून राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. भाडेकरू ठरलेले भाडे देत असेल आणि कायदा पाळत असेल तर मालक त्याला मनाला वाटेल तेव्हा काढू शकत नाही. भाडेवाढ दरवर्षी ४ टक्के. घर तिसऱ्याला विकले तरी नवा मालक जुन्या भाडेकरूसह घर घेतो. भाडेकरूचा हक्क विक्रीने संपत नाही. भाडेकरूच्या इंतकालानंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हा हक्क मिळू शकतो. हे सारे भाडेकरूच्या पारड्यात.

मालकाच्या पारड्यात काय? भाडे थकले असेल, पोटभाडेकरू ठेवला असेल, राहत्या घराचा वापर बदलून कारखाना घातला असेल, लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले असेल, सहा महिने विनाकारण घर बंद ठेवले असेल, किंवा मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज असेल, तर तो कोर्टात जाऊ शकतो. इमारत मोडकळीस आल्याने पालिकेने पाडण्याचा हुकूम काढला तरी मामला बदलतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. बोलणीला बसण्यापूर्वी आपली बाजू साफ करून घ्यावी. थकलेले भाडे भरावे. मालक घेत नसेल तर पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे. घरात माग किंवा शिलाईची यंत्रे असतील तर भाडेपट्ट्यात काय लिहिले आहे, हे वकिलाला दाखवावे. आणि आपण केलेल्या सुधारणांचा खर्च किमतीतून वजा मागताना फार सावध राहावे. लाकडी पडदी, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी काढलेली खिडकी यांना कायदा पक्के बांधकाम मानत नाही. पण मागच्या अंगणात विटांची खोली चढवली असेल आणि मालकाची लेखी परवानगी नसेल, तर ‘आम्ही दोन लाख घालून खोली बांधली’ हे वाक्य म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तेच वाक्य उद्या कोर्टात आपल्याविरुद्ध उभे राहील.

हिशोब कसा मांडावा?

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, ४०० चौरस फुटांचे जुने घर आहे. रिकामे असते तर बाजारात १६ लाख मिळाले असते. भाडे महिना २०० रुपये.

मालकाच्या नजरेने पाहा. वर्षाचे उत्पन्न २,४०० रुपये. ४ टक्के वाढ केली तरी महिन्याला ८ रुपये वाढतात. दावा लावला तर वकील, तारखा, अपील, आणि निकाल कोणाच्या बाजूने लागेल याची खात्री नाही. भाडेकरूसह तिसऱ्याला विकायचे तर समजा ६ लाख मिळतात. म्हणजे ६ लाखांच्या खाली तो तुम्हाला देणार नाही. ही त्याची तळरेषा.

आता आपल्या नजरेने. १६ लाख ही किंमत रिकाम्या घराची आहे, आणि हे घर रिकामे नाही, त्यात आपण कायदेशीरपणे बसलो आहोत. आपला ताबा हीच एक किमतीची वस्तू आहे. भाडेकरूने हक्क सोडण्यासाठी किंवा हस्तांतरित करण्यासाठी रक्कम घेणे १९९९ च्या कायद्याने कलम ५६ मध्ये मान्यही केले आहे. तेव्हा १६ लाखांतून आपल्या ताब्याची किंमत आणि विकत घेतल्यावर करावी लागणारी दुरुस्ती वजा जाता जे उरते, ती आपली माथारेषा. समजा, ती १० लाख निघाली.

सौदा ६ आणि १० च्या मध्ये होणार. मालकाने १४ मागितले म्हणून १३ वर यायचे नाही आणि आपण १ लाख म्हटले म्हणून तो २ वर येणार नाही. दोन्ही रेषा आधी कागदावर लिहून मगच बैठकीला जावे. आपली बाजू कमकुवत असेल, म्हणजे भाडे थकलेले आणि पोटभाडेकरू ठेवलेला असेल, तर माथारेषा वर सरकते. इमारत पडायला आली असेल तर दोन्ही रेषा खाली येतात.

पण समजा ८ लाखांत तसफिया झाला, तरी खिशातून ८ लाखच जात नाहीत. स्टॅम्प ठरलेल्या किमतीवर नव्हे, तर ती आणि सरकारी मूल्यांकन यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतो. मूल्यांकन १४ लाख निघाले तर महापालिका हद्दीत ५ टक्के स्टॅम्प आणि १ टक्का अधिभार मिळून ८४,००० रुपये, नोंदणी शुल्क १ टक्का म्हणजे १४,००० रुपये. एकूण ९८,०००. दुरुस्तीचे २ लाख धरले तर खरी किंमत १० लाख ९८ हजार झाली. राहते घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून स्टॅम्पमध्ये १ टक्का सवलत आहे, तिचा विचार करावा.

याहून मोठा खड्डा आयकराचा. सरकारी मूल्यांकनापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे कमी किमतीत घर घेतले तर मधला फरक घेणाऱ्याचे उत्पन्न धरला जातो. ही मर्यादा ५०,००० रुपये किंवा किमतीच्या १० टक्के यांपैकी जी जास्त ती. वरच्या उदाहरणात फरक ६ लाखांचा आहे. म्हणजे स्वस्त घेतल्याचा आनंद कराच्या नोटिशीत विरघळून जाईल. ‘घी देखा, बडगा नहीं देखा’ असे होऊ नये. त्यासाठी कागद करण्यापूर्वीच मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्यावा. संरक्षित भाडेकरू ताब्यात असलेल्या मिळकतींसाठी मूल्यांकनाच्या सूचना वेगळ्या असतात. आपल्या प्रकरणाला त्या लागू होतात का, हे आधी ठरवून घ्यावे. पावत्या आणि जुना भाडेपट्टा तेथेच कामाला येतो.

बैठकीत कसे बोलावे?

पहिली किंमत मालकाला सांगू द्यावी आणि ती ऐकून चेहऱ्यावर काही दाखवू नये. ‘हा आकडा कशावरून काढला?’ एवढेच विचारावे. रिकाम्या घराचा भाव सांगितला असेल तर तो याच वाक्यात उघडा पडतो. आपला आकडा सांगताना कारणासह सांगावा. छताची दुरुस्ती इतकी, स्टॅम्प इतका, ताब्याचा हक्क असा. कारण दिलेला आकडा माणूस ऐकतो, नुसता आकडा तो घासतो.

घाई दाखवू नये, पण उगाच वर्षानुवर्षे लोंबकळतही ठेवू नये. मालक म्हातारा असेल तर आज एका सहीत होणारा सौदा उद्या दहा वारसांच्या सह्यांत अडकतो. दलाल मध्ये असेल तर त्याची दलाली कोण देणार आणि ती किमतीच्या टक्क्यावर आहे की ठोक, हे प्रथम विचारावे. टक्क्यावर असेल तर किंमत कमी करण्यात त्याचा फायदा नाही.

एका वाड्यात सहा भाडेकरू असतील तर सहाजणांनी एकत्र बोलावे. मालक एकेकाला बोलावून ‘शेजारी जास्त देतोय’ म्हणू लागला की एकमेकांत शहानिशा करावी. भावाच्या सौद्यावर सौदा करू नये, ही आमच्या दीनची साफ ताकीद आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही त्यात सर्वांचे भले आहे.

आणखी एक. मालक विधवा असेल, यतीम मुले असतील, तर तिच्या मजबुरीचा भाव लावू नये. शिवाय कायदाही पाहावा. मुस्लिम कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलांची स्थावर मिळकत आईला स्वतःच्या अधिकारात विकता येत नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर मुलांच्या हिश्श्यापुरता सौदा टिकत नाही.

पैसे द्यावेत कसे?

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यावर २०१५ पासून बंदी आहे. इसारही यात आला. म्हणून सारी रक्कम बँकेतून द्यावी. ‘निम्मे कागदावर, निम्मे हातात’ या पद्धतीत कागदावरची रक्कमच खरी ठरते आणि सौदा फिसकटला तर हातात दिलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही.

व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बंधूंसाठी मालकाशीच हप्ते ठरवणे हा एक रस्ता आहे. रोखीचा भाव कमी आणि मुदतीचा भाव थोडा जास्त, हे कापड बाजारात आम्ही रोज करतो. शर्त एवढी की बैठक उठण्यापूर्वी कोणता भाव ते नक्की व्हावे, हप्ते आणि तारखा ठराव्यात, आणि हप्ता उशिरा गेला म्हणून रक्कम वाढू नये. तपशील जाणत्या आलिमला विचारावा. हप्त्यांची मुदत हीसुद्धा बोलणीतली वस्तू आहे. किमतीत मालक पन्नास हजार सोडत नसेल तर मुदतीत वर्षभर सोडेल.

कागद आणि हिस्से

कुरआन शरीफने मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा हुकूम सूरह बकरहमध्ये सविस्तर दिला आहे. त्या हुकमाची आठवण नेमकी मोठ्या सौद्याच्या वेळी राहत नाही.

सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढावी, तीस वर्षांचा शोध घ्यावा, बोजा आहे का पाहावे. मालकाच्या सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. मालक मुस्लिम असेल तर त्याच्या बहिणींचाही शरई हिस्सा असतो. ‘बहिणीचे काय, ती सासरी गेली’ असे म्हणणाऱ्याकडून घेतलेले घर अर्धवट असते. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर घेऊ नये. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑक्टोबर २०११ च्या निकालात स्पष्ट केले आहे. साठेखत केले तर ते नोंदवून घ्यावे. मात्र साठेखताने मालकी येत नाही, ती खरेदीखतानेच येते. म्हणून वेगळे लिहून ठरले नसेल तर खरेदीखत होईपर्यंत भाडे देत राहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘भाडेकरू हक्क सोडला’ असे वाक्य साठेखतात आहे का, हे वाचून पाहावे. ते लिहून दिले आणि पुढे सौदा मोडला, तर तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले. तो हक्क खरेदीखत नोंदले जाईल त्याच दिवशी संपावा, आधी नाही.

शेवटी आपल्याच घरातला मामला. भाडेपट्टा वडिलांच्या नावाचा, राहतात चार भाऊ, पैसे घालतो एक, आणि खरेदीखत होते तिसऱ्याच्या नावे! मालकाशी किंमत ठरवण्याआधी घरात बसून लिहून काढावे की कोण किती घालतो, कोणाच्या नावे किती हिस्सा, आणि अम्मीजान व बहिणींचे काय. ज्याने पैसे दिले नाहीत त्याचाही वडिलांच्या ताब्यात हक्क होता का, हे विचारावे. मालकाशी झालेली तकरार दोन वर्षांत मिटते. भावाभावांतली तकरार नातवंडांपर्यंत जाते.

थोडक्यात, मालक ओळखावा, आपली बाजू साफ करावी, दोन रेषा लिहाव्यात, कर आणि स्टॅम्प धरून किंमत काढावी, पैसे बँकेतून द्यावेत आणि भाडेकरूचा हक्क शेवटच्या सहीपर्यंत हातातून सोडू नये. दोष न लपवता, खरे बोलून आणि दोघांच्या राजीखुशीने झालेल्या सौद्यात अल्लाह बरकत देतो, यावर आमचा ईमान आहे. अशा घराच्या दारावर आपल्या नावाची पाटी लागली की तिच्याकडे पाहताना मान खाली घालावी लागत नाही.